कारची एक्सटेंडेड वॉरंटी घ्यावी की नको? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा किंवा दसरा जवळ आला की आमच्या गॅरेजवर नुसतं कोटेशन घेऊन येणारी माणसं वाढतात. कागदावर एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज आणि मध्येच कुठेतरी 'एक्सटेंडेड वॉरंटी' अशी ओळ असते. "ही ठेवायची की खोडायची, तेवढं सांगा," इतकंच विचारायचं असतं. मी आधी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता उद्यमनगरात स्वतःचं गॅरेज आहे. वॉरंटीतलं काम पास होताना आणि नाकारलं जाताना, दोन्ही मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी ऑटोमॅटिक, टर्बो डिझेल किंवा स्क्रीन-सेन्सरनी भरलेली असेल आणि तुम्ही ती पाच-सात वर्षं ठेवणार असाल, तर गाडीच्या कंपनीचीच वॉरंटी घ्या. साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी आणि रनिंग कमी असेल, तर तेच पैसे बँकेत ठेवलेले बरे. या दोन्हींच्या मध्ये बसणाऱ्यांसाठी खालचे प्रश्न.

विमा काढलाय की! मग वॉरंटी वेगळी कशाला?

दोघांचं काम वेगळं आहे. गाडी ठोकली, चोरीला गेली, पुरात सापडली, झाड पडलं, तर विमा. काहीही बाहेरून न होता गाडीतला भाग आपसूक बिघडला, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर बसला, स्टिअरिंगची मोटर गेली, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बंद पडला, तर वॉरंटी. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारी) पॉलिसी असली तरी आपसूक बिघडलेल्या कॉम्प्रेसरचा एक रुपया विमा कंपनी देत नाही. मूळ वॉरंटी संपल्यावर तीच पुढे काही वर्षं वाढवून घेणं म्हणजे एक्सटेंडेड वॉरंटी.

माझ्या गाडीला मुळात किती वॉरंटी असते?

कंपनीप्रमाणे बदलते. टोयोटाची ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. होंडाची ३ वर्षं आणि किलोमीटरला मर्यादा नाही. मारुतीची पूर्वी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर होती, ती जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. म्हणजे त्याआधी मारुती घेतलेला शेजारी "मला तर लगेच घ्यावी लागली" म्हणत असेल, तर त्याचा सल्ला तुमच्या नव्या गाडीला लागू नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात वॉरंटीची पुस्तिका असते. तिच्यात डिलिव्हरीची तारीख लिहून शिक्का मारलाय का, ते आजच बघा. वॉरंटी त्या तारखेपासून मोजतात.

माझं रनिंग जास्त आहे. म्हणजे मला तर घ्यायलाच पाहिजे ना?

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वॉरंटीवर '५ वर्षं किंवा १ लाख ४० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. ग्राहक 'पाच वर्षं' वाचतो आणि पुढचं सोडून देतो.

समजा तुम्ही कोल्हापुरातून कागलच्या एमआयडीसीत रोज कामाला जाता. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस. वर्षाला १२ हजार किलोमीटर झाले. वर ज्योतिबा, गोवा, पाहुण्यांची लग्नं धरून १५ हजार म्हणा. तीन वर्षांत ४५ हजार, पाच वर्षांत ७५ हजार. तुम्हाला पाच वर्षं पुरती मिळणार, किलोमीटरची अट आडवी येणार नाही.

आता दुसरा माणूस घ्या. औषध कंपनीचा प्रतिनिधी, सांगली-रत्नागिरी-बेळगाव फिरतो, वर्षाला ३५ हजार किलोमीटर. त्याचे १ लाख किलोमीटर ३४ महिन्यांतच होतात, म्हणजे मूळ वॉरंटीच तीन वर्षांच्या आत संपली. पुढच्या वाढीव ४० हजार किलोमीटरला त्याला जेमतेम चौदा महिने पुरतात. पैसे दोन वर्षांचे भरले आणि गाडीला चार वर्षं होतानाच संरक्षण संपलं. अशा माणसाने किलोमीटरची मर्यादा सर्वांत मोठी असलेला प्लॅन घ्यावा. मारुतीत ६ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवता येते. किंवा मर्यादाच नसलेली कंपनी निवडावी. नाहीतर सरळ न घेतलेली बरी.

उलट टोकाला शाहूपुरीतले निवृत्त काका. गाडी फक्त रविवारी आणि दवाखान्याला निघते, वर्षाला ४ हजार किलोमीटर. त्यांच्या गाडीत इंजिन झिजणार नाही, पण बॅटरी बसेल, रबरी भाग कडक होतील, टायर चिरतील. यातलं काहीच एक्सटेंडेड वॉरंटीत बसत नाही.

शोरूमवाले म्हणतात, डिलिव्हरीच्या आधीच घ्या, नंतर मिळणार नाही. खरं का?

बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते. उशिरा घेतली तर दर वाढतो आणि काही ठिकाणी गाडी तपासून मगच देतात. त्यामुळे प्रश्न असा विचारा: "आज किती, एका वर्षाने किती, आणि वॉरंटी संपायच्या आदल्या महिन्यात किती? छापील दरपत्रक दाखवा." फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर थांबा. दोन वर्षं गाडी चालवून तुम्हाला तिच्या खोडी कळतात, रनिंग कळतं, गाडी ठेवायची की विकायची तेही ठरतं. फरक दुप्पट असेल तर पहिल्या दिवशी घेणं शहाणपणाचं.

डिलिव्हरीच्या दिवशी मात्र सही करू नका. हार घातलेली गाडी समोर उभी, आई ओवाळणीचं ताट घेऊन थांबलेली, पोरं आत जाऊन बसलेली, अशा वेळी कोण अटी वाचणार? कागद आदल्या आठवड्यात घरी मागवा.

आणि हे 'घेतलीच पाहिजे' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, एक्सटेंडेड वॉरंटी नाही. कोटेशनमधून ती ओळ काढून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

साधारण किती पैसे जातात?

छोट्या पेट्रोल गाडीला दोन वर्षांसाठी दहा ते पंधरा हजारांच्या आसपास, मोठ्या डिझेल ऑटोमॅटिकला तीस-चाळीस हजार किंवा त्याहूनही वर. सांगितलेल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते विचारा.

कर्जातच बसवून देतो म्हणतात. चालेल का?

नको. वीस हजारांची वॉरंटी साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात टाकली तर तुम्ही फेडता साधारण साडेसत्तावीस हजार. शिवाय तिचा उपयोग चौथ्या वर्षी सुरू होणार आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून जाणार. घ्यायचीच तर रोख भरा.

यात काय बसतं आणि काय नाही?

बसतं ते असं: इंजिनच्या आतले भाग, गिअरबॉक्सचे आतले भाग, ईसीयू, फ्युएल पंप, अल्टरनेटर, स्टार्टर, एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, पॉवर विंडोच्या मोटारी. नेमकी यादी प्लॅननुसार बदलते.

न बसणारी यादी लांब आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब, फिल्टर, ऑइल, कूलंट, बेल्ट, होज पाइप, रबरी बुश, सीटकव्हर, काच, रंग. आपल्या रस्त्यांवर चार वर्षांत सगळ्यात जास्त जातं ते सस्पेन्शन: बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर. नेमकं तिथेच 'झीज' म्हणून हात वर केले जातात. शॉकॲब्सॉर्बरमधून ऑइल गळत असेल तर काही कंपन्या देतात, नुसता खडखड आवाज असेल तर नाही. बॅटरीची आणि टायरची वॉरंटी त्या-त्या बनवणाऱ्याची, तिचं कार्ड वेगळं जपा.

दोन गोष्टी मुद्दाम विचारून घ्या. एक, टचस्क्रीन आणि कॅमेरा यादीत आहे का? काही प्लॅनमध्ये मूळ तीन वर्षांनंतर हेच वगळलेलं असतं, आणि आजकाल स्क्रीन गेली तर एसीसुद्धा नीट चालवता येत नाही अशा गाड्या आहेत. दोन, एकूण क्लेमला रकमेची मर्यादा आहे का?

कोणत्या गाडीला तुम्ही डोळे झाकून 'घ्या' म्हणाल?

डोळे झाकून कोणत्याच नाही. पण गिअरबॉक्स बघून मी पटकन मत देतो.

ड्युअल क्लच असलेली ऑटोमॅटिक गाडी असेल तर घ्या. गिअर बदलणारं जे युनिट असतं, त्यात हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असतं. ते गेलं की आपल्याकडच्या गॅरेजात उघडून दुरुस्त होत नाही, अख्खं बदलावं लागतं आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. त्यात आपली माणसं आंबा घाटात, गगनबावड्याच्या घाटात चढावर ट्रकच्या मागे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी धरून ठेवतात. त्याने क्लच तापतो. चढावर थांबायचं असेल तर ब्रेक दाबा, ही सवय वॉरंटीपेक्षा जास्त पैसे वाचवेल.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचेच दुसरे दोन प्रकार. तब्येतीने दणकट, पण बिघडले तर महाग. घ्या.

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स, वरून गिअर बदलणारं यंत्र बसवलेलं. ते यंत्र, म्हणजे ॲक्च्युएटर, वॉरंटीत बसतं. क्लच प्लेट बसत नाही. दर वाजवी असेल तर घ्या.

टर्बो डिझेल घ्या, पण एक लक्षात ठेवून. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी सलग वेगात पळायला लागते. राजारामपुरी ते बिंदू चौक एवढंच रोजचं फिरणं असेल तर तो चोंदतो, आणि 'वापराच्या पद्धतीमुळे' म्हणून क्लेम अडकतो. आठवड्यातून एकदा तरी हायवेला निपाणीपर्यंत जाऊन या.

साधी मॅन्युअल पेट्रोल, टर्बो नाही, सनरूफ नाही? या इंजिनांचं काम आपल्या उद्यमनगरात होत नाही असं काही नाही. हेड प्लेन करणं, बोअर करणं, व्हॉल्व्ह बसवणं, सगळं इथल्या लेथवर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि सुटे भाग दुसऱ्या दिवशी हातात मिळतात. वॉरंटीचे पंधरा हजार बाजूला ठेवा, वेळेवर ऑइल बदला.

कंपनीची घेऊ की बाहेरच्या एखाद्या संस्थेची? ती स्वस्त मिळतेय.

कंपनीची. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी देशात कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये त्यांच्या संगणकावर दिसते. पणजीला गाडी बंद पडली तरी चेसिस नंबर टाकला की कळतं. बाहेरच्या वॉरंटीत आधी परवानगीचा फोन, मग त्यांचा सर्व्हेअर, मग मंजुरी, आणि तोवर गाडी रॅम्पवर उभी. कधी आधी पैसे भरून मागाहून मागावे लागतात.

इथे फसगत होते ती अशी, की विकणारा शोरूमचाच माणूस असतो, पण प्रमाणपत्रावर नाव तिसऱ्याचंच असतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा: प्रमाणपत्र कुणाच्या नावाने, जीएसटी बिल कुणाच्या नावाने, आणि कंपनीच्या ॲपवर तुमच्या गाडीच्या खाली वॉरंटीची नवी तारीख दिसते का. आठवडाभरात ॲपवर तारीख बदलली नाही तर शोरूमला जाऊन उभे राहा.

ओळखीच्या मेकॅनिककडे सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का?

मी स्वतः बाहेरचा गॅरेजवाला आहे, तरी प्रामाणिकपणे सांगतो: एक्सटेंडेड वॉरंटी घेतली असेल तर ती संपेपर्यंत वेळापत्रकातलं सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच करा.

कायद्याची बाजू ग्राहकाच्या अगदी विरोधात नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना न मिळू देणं आणि बाहेर काम केलं की सरसकट वॉरंटी रद्द करणं, यावर आयोगाने बोट ठेवलं होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. म्हणजे बाहेर टायर बदलला, पंक्चर काढलं, बल्ब लावला म्हणून इंजिनची वॉरंटी नाकारत असतील तर जरूर भांडा. पण तुमचा उद्देश खटला जिंकणं हा नाही, गाडी फुकट दुरुस्त होणं हा आहे. इंजिनचा क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा एकच गोष्ट काढते: सर्व्हिस हिस्टरी. त्यात एक सर्व्हिस नसली किंवा १० हजारांची सर्व्हिस १४ हजारांवर झालेली असली की पुढचं बोलणं अवघड होतं.

रनिंग कमी असलेल्यांनी विशेष जपावं. '१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष' अशी अट असते. गाडी वर्षात तीनच हजार चालली तरी वर्षाची सर्व्हिस चुकवायची नाही.

पुरात गाडी गेली तर वॉरंटी देते का?

नाही. आणि कोल्हापुरात हे प्रत्येकाला पाठ पाहिजे.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी पाहिलाय. शिरोलीजवळ हायवे बंद, शाहूपुरी-नागाळा पार्कात पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात. तेव्हा वॉरंटीची पुस्तिका घेऊन वर्कशॉपला आलेली माणसं होती. पाणी हे बाहेरचं कारण, त्यामुळे कुठलीही वॉरंटी ते घेत नाही, मूळचीही नाही आणि वाढीवही नाही.

इथे विमा लागतो, आणि तोही नुसता पॅकेज विमा (थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचं नुकसानही भरणारा) पुरत नाही. पाण्यात उभ्या गाडीची वायरिंग, सीटा, कार्पेट याचं नुकसान पॅकेज विमा भरतो. पण पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेलात की सिलिंडरमध्ये पाणी अडतं, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे नुकसान 'मालकाने चालू केल्यामुळे' म्हणून साध्या विम्यात नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि त्याच्याही अटी असतात.

म्हणून नदीच्या पट्ट्यात राहणाऱ्याच्या हातात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी इंजिन प्रोटेक्ट आधी घ्या म्हणेन, एक्सटेंडेड वॉरंटी मागून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ फुटांची बातमी आली की गाडी उंचावर नेऊन लावा. आणि पाणी लागलेल्या गाडीची चावी फिरवून बघू नका. बॅटरीची तार काढा आणि टो करून न्या.

शेताच्या वाटेवर खालून दगड लागला आणि इंजिन जाम झालं. क्लेम होईल का?

वॉरंटीत नाही. हा प्रसंग ऊसतोडीच्या दिवसांत हमखास येतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकोरीने वाट दोन्ही बाजूंनी खोल गेलेली, मधला उंचवटा तसाच, आणि त्यात लपलेला एक धोंडा. 'टक्क' असा आवाज येतो, माणूस उतरून बघतो, काही दिसत नाही, पुढे जातो. ऑइल चेंबरला केसाएवढी चीर पडलेली असते. ऑइल थेंब थेंब गळून जातं, डॅशबोर्डवर लाल किटलीचं चिन्ह लागतं, आणि "घर आलंच की" म्हणून तो चार किलोमीटर आणखी चालवतो. तेवढ्यात इंजिन जाम होतं.

वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर चढली की ॲडव्हायझर टॉर्च घेऊन पहिल्यांदा चेंबरच बघतो. ॲल्युमिनियमवर ताजी पांढरी घासटण आणि तिच्याभोवती ऑइलने चिकटलेली माती दिसली की तो फोटो काढतो. त्या फोटोने वॉरंटीचा विषय संपतो. हा अपघात आहे, विम्याकडे जा. आणि विम्यातही प्रश्न येणार की लाल दिवा लागल्यावर गाडी का चालवली. तो दिवा लागला की जिथे असाल तिथे इंजिन बंद. चेंबर बदलायला काही हजार लागतात, इंजिन बांधायला लाखभर.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर?

वॉरंटीत नाही. विम्यात पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून, विचारून ठेवा. गोदामाजवळ किंवा शेतघराजवळ गाडी लावत असाल तर बॉनेट आठवड्याला उघडून बघा.

बाहेरून सीएनजी, मोठा हॉर्न, फॉग लॅम्प बसवले तर?

बाहेरचं सीएनजी किट बसवलं की इंजिनची वॉरंटी गेली असंच समजा. सीएनजी हवंच असेल तर कंपनीने बसवलेली गाडी घ्या. हॉर्न-लाइटचं म्हणाल तर प्रश्न वस्तूचा नसतो, वायर कापण्याचा असतो. मूळ वायर कापून जोड दिलेला आणि वर काळी टेप गुंडाळलेली दिसली की इलेक्ट्रिकचा कुठलाही क्लेम तिथेच अडतो. बसवायचंच तर कपलरला कपलर जोडून बसवा आणि बिल ठेवा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय. त्याने बिघाड झाला तर?

आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल होतं, त्यामुळे हा विषय इथे चहाच्या टपरीवरही निघतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) इंधनाला चालतील अशा भागांनी बनवलेल्या आहेत. त्याआधीची गाडी असेल तर पुस्तिकेतलं इंधनाचं पान उघडून त्यावर काय लिहिलंय ते बघा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करून लेखी उत्तर मागवून ठेवा. तोंडी उत्तराचा पुढे उपयोग होत नाही. पेट्रोलच्या पावत्या मात्र सगळ्यांनीच ठेवाव्यात. भेसळीचा आरोप झाला तर त्याच कामाला येतात.

इलेक्ट्रिक गाडीला घ्यावी का?

मुख्य बॅटरीला बहुतेक कंपन्या वेगळी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, ती मूळ किमतीतच असते. मग वाढीव कशासाठी? चार्जर, मोटर, कंट्रोलर, स्क्रीन यांच्यासाठी. हे भाग महाग आहेत आणि बाहेरच्या गॅरेजात अजून दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे मी घ्या म्हणतो.

गाडी मध्येच विकली तर पैसे वाया?

वाया नाही जात. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, फक्त आरसी बदलल्यावर अर्ज करावा लागतो. एमएच-०९ गाडीला पुणे-मुंबईचं गिऱ्हाईक आलं की दोन वर्षं शिल्लक वॉरंटी आणि पूर्ण सर्व्हिस हिस्टरी दाखवा, किंमत बोलायला बळ येतं.

मात्र चौथ्या वर्षाच्या आतच गाडी बदलायची तुमची पद्धत असेल तर मुळातच घेऊ नका.

जुनी गाडी घेतोय. विकणारा म्हणतो वॉरंटी शिल्लक आहे.

चेसिस नंबर घ्या, कोणत्याही अधिकृत वर्कशॉपला जा आणि तीन गोष्टी काढून मागा: वॉरंटीची शेवटची तारीख, सर्व्हिस हिस्टरी आणि प्रलंबित रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने परत बोलावलंय का). हिस्टरीत मागच्या वर्षी ६० हजार किलोमीटर लिहिलेत आणि आज मीटर ४५ हजार दाखवतोय, तर तिथूनच घरी या.

रिकॉलबद्दल एक गैरसमज आहे. कंपनीने स्वतः मान्य केलेला दोष दुरुस्त करायला वॉरंटी लागत नाही, गाडी जुनी असली तरी ते काम फुकटच होतं.

क्लेम नाकारला. आता काय करू?

काउंटरवर आवाज चढवून काही होत नाही, कारण निर्णय समोरच्या मुलाच्या हातात नसतो. तो फोटो आणि माहिती कंपनीकडे पाठवतो, 'हो-नाही' तिकडून येतं. तुमचं काम कागद भक्कम करायचं.

नाकारलं ते कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. नुसतं "वॉरंटीत बसत नाही सर" हे उत्तर नाही. ई-मेलने मागितलं की बऱ्याच वेळा निर्णयच बदलतो, कारण लेखी द्यायला कारण सापडत नाही. काढलेला भाग बघायला मागा, फोटो काढा. दुरुस्तीला सही देण्याआधी हे सगळं करा, कारण भाग भंगारात गेला की पुरावा गेला. मग कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार करून क्रमांक घ्या. तिथेही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असो की चेन्नईला, तुम्ही कोल्हापुरातच दाखल करायची. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

मूळ वॉरंटी संपायला महिना राहिलाय आणि मी अजून ठरवलेलं नाही.

हा महिना सोन्याचा आहे. एक्सटेंडेड घ्या किंवा नका घेऊ, पण वॉरंटी चालू असताना नोंदवलेली तक्रार ही वॉरंटीतली तक्रार असते.

आधी आठवडाभर वही घेऊन गाडी चालवा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना कुठला आवाज येतो, पन्हाळ्याच्या चढाला पिकअप कमी पडतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्कट् होतं का, एसी दुपारी गार करतो का, चारी काचा वर-खाली होतात का. सगळं लिहा. मग सर्व्हिसला नेताना रोग सांगू नका, लक्षण सांगा. "क्लच गेलाय" म्हणालात की जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर) 'क्लच' पडतं आणि क्लच वॉरंटीत नाही. "थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना दांडा अडकतो, रोज होतं" असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. कदाचित दोष गिअरबॉक्सच्या आतला निघेल.

गाडी रॅम्पवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उभे राहून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल, स्टिअरिंग रॅकच्या बुटात ऑइल, शॉकॲब्सॉर्बरवर धुळीचा चिकट थर, हे दिसलं तर कार्डवर घालायला सांगा. त्यांनी "आवाज नॉर्मल आहे" म्हटलं तर 'तपासले, नॉर्मल आढळले' असं तारीख आणि किलोमीटरसह लिहून सही घ्या. सहा महिन्यांनी तोच भाग बसला तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

या तपासणीत तीन-चार खऱ्या तक्रारी निघाल्या, गाडी ऑटोमॅटिक आहे आणि अजून तीन वर्षं ठेवायची आहे, तर त्याच काउंटरवर दरपत्रक मागा आणि मुदत संपायच्या आत पैसे भरा. एक दिवस जरी उशीर झाला तरी बहुतेक प्लॅन बंद होतात. गाडी स्वच्छ निघाली आणि साधी पेट्रोल असेल, तर जॉब कार्डाची प्रत फाइलला लावा आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख ठरवून घरी जा.